एकाच मॉडेलची दोन बीपी मशीनं, पाठीवर दोन वेगळ्या देशांची नावं. विश्वास कशावर ठेवायचा?

निळीशाई

आईचं बीपीचं मशीन सात वर्षांचं झालं. अजून चालतं, पण सुरू करायचं बटण आत रुतलंय, पेनाच्या टोकाने दाबावं लागतं. म्हणून त्याच कंपनीचं तेच मॉडेल नवीन आणलं. रंग तोच, बटणं तिथेच, माहितीपत्रकातली चित्रंसुद्धा तीच.

आईने मशीन हातात घेतलं, उपडं केलं, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पाठीवरचं चंदेरी लेबल वाचलं. मग जुनं उपडं करून त्याचंही वाचलं. "हे तिथलं नाही," एवढंच म्हणाली. जुन्यावर एका देशाचं नाव आहे, नव्यावर दुसऱ्या. देशांची नावं मी मुद्दाम देत नाही. दिली की उत्तरं त्या देशांवर येतील आणि माझा प्रश्न बाजूला पडेल.

कंपनी तीच आहे, मॉडेल तेच आहे, असं मी तिला समजावलं. तिने मान डोलावली, पण पटलं नव्हतं हे दिसत होतं. म्हणून सकाळी दोन्ही मशीनं लागोपाठ लावली. जुन्यावर १३६/८२, नव्यावर १४७/८८. दुसऱ्या दिवशी जुन्यावर १३४/८०, नव्यावर १४४/८७. तिसऱ्या दिवशीही तोच प्रकार. नवं मशीन रोज दहाएक पुढे. आईने एक शब्द न बोलता नवं मशीन खोक्यात घातलं, खोक्याला रबर लावलं आणि कपाटावर ठेवून दिलं. आता पुन्हा पेनाने बटण दाबणं चालू आहे.

तिच्या या सवयीमागे कारण आहे. तिने तीस वर्षं शिवणकाम केलं. एका देशाच्या सुया तिला महिनाभर पुरायच्या. दुसऱ्या एका देशाच्या सुया जाड कापडावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोथट व्हायच्या, धागा ओढायच्या, मोडायच्या. एकदा मोडलेलं टोक उडून तिच्या भुवईला लागलं. तो व्रण अजून आहे. तेव्हापासून घरात कुठलीही वस्तू आली की ती आधी उपडी होते. यावरून मी तिला कितीदा तरी टोकलंय, आणि या वेळी आकडे तिच्या बाजूने आहेत.

तर विचारायचं हे आहे, की ते देशाचं नाव नक्की काय सांगतं? ते ठरवतं कोण? गोळीचा डोस ज्या आकड्यावर ठरतो, तो आकडा देणाऱ्या वस्तूवर या नावावरून विश्वास ठेवावा का, किंवा काढून घ्यावा का?

पायवाट

परत करा. तीन दिवस तोच फरक म्हणजे योगायोग नव्हे.

मी प्रत्येक वस्तू देश बघूनच घेतो. कंपन्या एका देशात नाव कमावतात, मग स्वस्त पडतं म्हणून काम दुसरीकडे हलवतात, पण किंमत जुन्या नावाचीच लावतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. शिवाय माझ्यासाठी प्रश्न फक्त टिकाऊपणाचा नाही. ती वस्तू कुणाच्या हातून, कसल्या परिस्थितीत बनली हेही मला कळायला हवं. त्यासाठी ग्राहकाकडे त्या एका ओळीशिवाय दुसरं आहे काय? तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. लेबल वाचणारी माणसं कमी झालीत.

रात्रपाळी

निळीशाई, मशीन परत करण्याआधी चार गोष्टी बघा. मी परिचारिका आहे, रोज हेच काम करते.

मोजायच्या आधी आई पाच मिनिटं गप्प बसल्या होत्या का? पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर? लागोपाठ लावताना मध्ये एक-दोन मिनिटं थांबलात का? रोज जुनंच आधी लावत असाल तर एक दिवस नवं आधी लावून बघा. दोन्ही वेळा हात तोच होता ना? दोन हातांत थोडा फरक अनेकांना असतो.

सगळ्यात महत्त्वाचा पट्टा. दंडाच्या घेराला लहान पडणारा पट्टा लावला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. हे मी आठवड्यातून दोनदा तरी बघते. मापपट्टी घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा, आणि मग दोन्ही पट्ट्यांवर काय छापलंय ते वाचा. पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये घेर दिलेला असतो, अमुकपासून अमुकपर्यंत.

मशीनवर विश्वास ठेवायचा तर माझ्या मते ते मॉडेल प्रमाणित आहे का ते बघावं. आयएसओ ८१०६०-२ नावाचं मानक आहे. त्यात निदान ८५ माणसांवर मशीनचा आकडा आणि प्रशिक्षित निरीक्षकांनी कानाला नळी लावून घेतलेला आकडा शेजारी शेजारी ठेवतात. सरासरी फरक ५ मिमीच्या (बीपीच्या आकड्याचं हेच एकक) आत हवा आणि फरकांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, ८ च्या आत. उत्तीर्ण मॉडेलांच्या याद्या सगळ्यांना बघता येतात, स्ट्राइड बीपीची यादी त्यातलीच एक. तुमचं मॉडेल त्यात शोधा.

आवकतपासणी

वरच्या ताईंनी सांगितलं ते आधी करा. मी तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो माझ्या कामाचा होता.

मी बावीस वर्षं आवक माल तपासला. लॉट येतो, त्यातली ठरावीक खोकी उघडायची, माल मोजायचा, लावून बघायचा आणि लॉट घ्यायचा की परत पाठवायचा ते सही करून सांगायचं. सही माझी असल्यामुळे विश्वास हा शब्द मी कधी सैल वापरला नाही.

ते नाव छापलेलं असतं ग्राहकासाठी, पण ठरतं कस्टम्सच्या नियमाने. एखादी वस्तू एकापेक्षा जास्त देशांत बनली असेल तर युरोपीय संघाचा नियम विचारतो की शेवटची भरीव प्रक्रिया कुठे झाली. अमेरिकेचा नियम विचारतो की कोणत्या देशात त्या मालाचं नाव, स्वरूप किंवा उपयोग बदलेल इतका मोठा बदल झाला. दोन्हीकडे उत्तरात एकच देश येतो. तुमच्या मशीनमध्ये दाबाचा सेन्सर आहे, चिप आहे, हवेचा छोटा पंप आहे, झडप आहे, पडदा आहे, पट्टा आहे. हे सगळं चार-पाच ठिकाणांहून आलेलं असू शकतं. लेबलवर त्यातलं एकच ठिकाण येतं, आणि चुकीचा आकडा देणारा भाग नेमका कुठून आला ते त्यात बसत नाही.

बरं, "मेड इन" हे दोन शब्द सगळीकडे सारखे मोजले जातात असंही नाही. अमेरिकेत "मेड इन यूएसए" असं कुठलीही पुस्ती न जोडता लिहायचं तर फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या कसोटीप्रमाणे सगळं किंवा जवळजवळ सगळं तिथलं असावं लागतं. स्विस घड्याळाला २०१७ पासून उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के वाटा स्वित्झर्लंडमधला लागतो, आतलं यंत्र स्विस लागतं, ते डबीत बसवणं आणि शेवटची तपासणी तिथेच व्हावी लागते. म्हणजे ४० टक्क्यांपर्यंत खर्च बाहेरचा असला तरी डायलवर "स्विस मेड" येऊ शकतं, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. अमेरिकेत आयात मालावर मूळ देश लिहिणं १९३० च्या टॅरिफ कायद्याने सक्तीचं आहे, ठळक, वाचता येईल असं आणि वस्तूचा प्रकार पाहता जितकं टिकेल तितकं टिकाऊ. युरोपीय संघात औद्योगिक मालाला अशी सरसकट सक्ती नाही. तीच वस्तू एका बाजारात नाव घेऊन जाते, दुसऱ्या बाजारात नाव न लावता जाऊ शकते. वस्तूत काडीचा फरक नसतो.

आता एक प्रसंग सांगतो. तो माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

एकाच खरेदीदारासाठी, एकाच नकाशावरून, दोन देशांतले दोन कारखाने पाने बनवत होते. नटबोल्ट फिरवायचे साधे पाने. एका आठवड्यात दोन्हींचे पाच-पाच हजारांचे लॉट आले. पहिला ज्या देशाचा होता, त्याचं हत्यारांमध्ये मोठं नाव. गोदामातले आमचे साहेब म्हणाले, "तो उघडू नका, तिथला माल आहे. दुसरा नीट बघा." मला वेळ वाचवायचा मोह झाला, खोटं सांगत नाही. पण कागदावर दोन्ही लॉटसमोर माझीच सही येणार होती.

पाच हजारांच्या लॉटला आयएसओ २८५९-१ या नमुना-तपासणीच्या मानकातल्या तक्त्याप्रमाणे नेहमीच्या तपासणीत २०० नग काढायचे. दोष किती चालतील याची आमची ठरलेली पातळी २.५ होती. त्या पातळीला २०० मध्ये १० सदोष निघाले तरी लॉट चालतो, ११ वा निघाला की लॉट परत. पान्याच्या जबड्याला गेज लावायचं असतं. गेजची एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. नावाजलेल्या देशाच्या लॉटमधले पहिले तीस पाने सुरेख निघाले. चकाकी बघत राहावी अशी. एकतिसाव्याला न जाणारी बाजू सरळ आत गेली. जबडा रुंद. असा पाना जोर लावला की नटाचे कोपरे खातो आणि माणसाची बोटं सोलतो. मग पुन्हा, पुन्हा. दोनशे संपले तेव्हा चौदा बाजूला पडले होते. दुसऱ्या लॉटमध्ये तीन.

यावरून दुसरा देश चांगला, असं मी तेव्हाही म्हटलं नाही. चौदाही नगांच्या आतल्या बाजूला साच्याचा एकच क्रमांक होता. एक साचा झिजला होता आणि कुणी तो वेळेत बदलला नव्हता. पुढच्या खेपेला त्यांनी साचा बदलला, लॉट एका फटक्यात पास. देश तोच, कारखाना तोच.

आमच्या धंद्यात विश्वासालाही नियम आहे, आणि तो मला फार आवडतो. त्याच मानकात लिहिलंय की लागोपाठच्या पाच किंवा त्याहून कमी लॉटमध्ये दोन नापास झाले की तपासणी कडक करायची. कडक तपासणीत पाच लॉट ओळीने पास झाले की पुन्हा नेहमीची. त्या पुरवठादाराने आत्तापर्यंत काय पाठवलं, एवढंच तिथे विचारलं जातं. देशाचा रकाना त्या तक्त्यात नाहीच.

म्हणून तुमच्या मशीनच्या पाठीवर देशाच्या नावाखाली जो सिरियल नंबर किंवा लॉट नंबर आहे, तो मी आधी वाचतो. दोषी माल परत मागवायची वेळ आली की कंपनी त्या नंबरांवरून मागवते.

देशाचं नाव फुकट आहे असं माझं म्हणणं नाही. त्याचा अर्थ किती झपाट्याने फिरतो ते मात्र बघा. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात जर्मनीतर्फे परीक्षक म्हणून गेलेले अभियंते फ्रान्झ रूलो यांनी स्वतःच्याच देशाच्या मालाला "स्वस्त आणि वाईट" म्हटलं. जर्मनीतल्या सॉलिंगनच्या काही कारखान्यांचे चाकू तेव्हा इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का मारून विकले जात. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला, की परदेशी मालावर ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा चिन्ह असेल तर खरा देश लिहावाच लागेल. हेतू हा की गिऱ्हाईक सावध होईल. पण जर्मन कारखानदारांनी माल सुधारला, आणि काही वर्षांतच "मेड इन जर्मनी" बघून लोक माल उचलू लागले. इशारा म्हणून चिकटवलेली चिठ्ठी जाहिरात झाली. १९३८ पर्यंत गोष्ट इथवर आली की "सॉलिंगन" या नावाचीच नक्कल होऊ नये म्हणून जर्मनीला वेगळा कायदा करावा लागला.

काठावर

आवकतपासणींनी वस्तूची बाजू मांडली, मी माणसाची मांडते. देशाचं नाव बघून माणूस वस्तूबद्दल काय ठरवतो, हाच माझ्या अभ्यासाचा विषय होता.

१९६५ मध्ये रॉबर्ट स्कूलर या संशोधकांनी ग्वाटेमालातल्या विद्यार्थ्यांसमोर वस्तू ठेवल्या. त्यात कापडाचे नमुने होते. कापड एकच, चिठ्ठीवरचे देश मात्र वेगवेगळे, सगळे आसपासचे. देश बदलला तसं कापडाबद्दलचं मतही बदललं. हाताला लागणारा पोत तोच होता, तरी. या विषयाची सुरुवात त्या प्रयोगापासून धरतात.

पण निळीशाई, तुमच्या आईंच्या सुयांची गोष्ट वाचून मला त्याहून १९८९ चा सी. मिन हान यांचा लेख आठवला. त्यांनी दोन तऱ्हा वेगळ्या काढल्या. वस्तू अजिबात ओळखीची नसेल तर माणूस देशाच्या प्रतिमेवरून तिचे गुण कल्पून घेतो. वस्तू वापरून वापरून ओळखीची झाली असेल तर उलट होतं, अनुभवांचं सार माणूस देशाच्या नावात साठवतो. आईंचं सुयांबद्दलचं मत दुसऱ्या प्रकारचं आहे. तीस वर्षांच्या हाताने काढलेला निष्कर्ष आहे तो, आणि त्याला पूर्वग्रह म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बीपी मशीनच्या वेळी मात्र तोच निष्कर्ष त्यांनी अनोळखी वस्तूवर नेऊन ठेवला. सुईत कळण्यासारखं एक पोलाद आणि त्याचं पाणी. मशीनच्या आत काय आहे ते त्यांना दिसतच नाही. मलाही दिसत नाही.

दुराईराज महेश्वरन यांनी १९९४ मध्ये हेच दाखवलं. वस्तूची माहिती स्पष्ट समोर असली की जाणकार तिच्यावर जातात, नवखे देशावर जातात. माहिती संदिग्ध असली की मात्र जाणकारही देशाकडे वळतात. त्यामुळे लेबल वाचणाऱ्याला हसू नये. समोर दुसरं काही वाचण्यासारखं ठेवलेलं नसतं, म्हणून तो ते वाचतो.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं. काय झालं ते सांगते.

आईच्या दंडाचा घेर ३४ सेंटिमीटर भरला. नव्या मशीनसोबत आलेल्या पट्ट्यावर आतल्या बाजूला, शिवणीजवळ, २२ ते ३२ छापलंय. जुन्या मशीनच्या पट्ट्यावर २२ ते ४२. मी गोंधळले, कारण मॉडेल एकच. आईलाच आठवलं. जुन्याचा मूळ पट्टा चार वर्षांपूर्वी वेल्क्रोपाशी फाटला होता आणि तेव्हा त्याच कंपनीचा मोठा पट्टा घेतला होता. मूळचा तिने शिवणाच्या डब्यात जपून ठेवलाय, वेल्क्रो कामाला येईल म्हणून. काढून बघितला. २२ ते ३२.

म्हणजे सात वर्षांपूर्वी पहिल्या देशातून आलेल्या खोक्यातही लहानच पट्टा होता. पहिली तीन वर्षं आपण तिचा आकडा चढाच वाचत होतो की काय, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. डॉक्टरांना हे सगळं सांगायचं ठरवलंय.

मग मोठा पट्टा नव्या मशीनला लावला. दोन्ही मशीनं एकाच कंपनीची असल्यामुळे तो बसतो, माहितीपत्रकात दोन्ही पट्टे दिलेत. आई पाच मिनिटं पाठ टेकून बसली, मी एक शब्द बोलले नाही. नव्यावर १३५/८१. दोन मिनिटं थांबून तोच पट्टा जुन्यावर, १३४/८१. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला, १३३/८० आणि १३५/८०. मॉडेल प्रमाणित यादीतही सापडलं.

आईला ओशाळं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "आकडा चुकतोय असं मी म्हणत होते, तो चुकतच होता," म्हणाली, आणि ते खरंच आहे. मग पट्टा उलटासुलटा करून म्हणाली, "देश खोक्यावर लिहिलाय, मशीनच्या पाठीवर लिहिलाय. हे माप शिवणीत का लपवलंय?"

पायवाट, तुमचा नमस्कार पोचवला. खूश झाली.

पायवाट

परत करा म्हणालो ती माझी घाई झाली, मान्य. पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. आकडा बरोबर आला म्हणजे वस्तू बनवणाऱ्यांशी वागणं बरोबर होतं, असं होत नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळली, ११०० हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक परदेशी ब्रँडांसाठी कपडे शिवणारी. त्या कपड्यांच्या शिवणी सरळच असणार. तपासणीत पासही झाले असणार.

आवकतपासणी

पायवाट, झालेच असणार. माझं गेज तेवढंच मोजतं आणि हे मला नोकरीतही खुपायचं. फक्त एक लक्षात घ्या. त्या कपड्यांवर देशाचं नाव होतंच. इमारतीच्या भिंतींना तडे गेलेत हे त्या नावाने कुणाला कळलं नाही, आणि त्याच देशातल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात माणसं सुरक्षित बसून शिवतायत हेही कळलं नाही. त्या दुर्घटनेनंतर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या सुरक्षेचा करार झाला. त्याखाली तपासणी झाली ती एकेका कारखान्याची, आणि अहवाल खुले झाले तेही कारखान्याच्या नावाने. तुम्हाला जे कळायला हवंय त्यासाठी देशाच्या नावावर थांबू नका, कारखान्याचं नाव मागा. काही ब्रँड आता त्यांच्या कारखान्यांची यादी जाहीर करतात. मी ती उघडतो.

निळीशाई, तुमच्या आईंचा प्रश्न मला फार लागला. अक्षराचा आकार हा या सगळ्यातला जुना वाद आहे. सोनीचे अकिओ मोरिता यांनी सांगून ठेवलंय, की सुरुवातीच्या काळात "मेड इन जपान" ही ओळ ते जमेल तितकी बारीक छापायचे, कारण जपानी म्हणजे तकलादू अशी समजूत होती. एकदा इतकी बारीक झाली की अमेरिकेच्या कस्टम्सने ती मोठी करायला लावली. १९५० मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड डेमिंग जपानला जाऊन तिथल्या अभियंत्यांना संख्याशास्त्राने गुणवत्ता कशी सांभाळायची ते शिकवून आले, पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं. ते शिक्षण कारखान्यांनी वर्षानुवर्षं मुरवलं. मग तीच ओळ मोठ्या अक्षरात येऊ लागली. बनवणाऱ्याला जे दाखवायचं असतं ते मोठं होतं. देश मोठा छापायला कायदा लावतो किंवा जाहिरात लावते. पट्ट्याचं माप मोठं छापा असा हट्ट धरणारं कुणी नाही. कंपनीला पत्र लिहा. मी आवक घेत असताना गिऱ्हाइकांची पत्रं आमच्यापर्यंत यायची, आणि एका पत्रामुळे खोक्यावरची ओळ बदललेली मी पाहिली आहे.

रात्रपाळी

निळीशाई, डॉक्टरांना दोन्ही पट्टे आणि तुमची आकड्यांची वही दाखवा. गोळ्या स्वतःहून कमी करू नका, जुने आकडे चढे असले तरी. त्या पहिल्या तीन वर्षांचा विचार करून झोप घालवू नका. पट्टा चार वर्षांपूर्वीच बदलला होता, हे तुमच्या आईंचं नशीब. घेर दर वर्षी पुन्हा मोजा, वजनाबरोबर तो बदलतो.

निळीशाई

पत्र लिहिलं. दोन्ही पट्ट्यांचे फोटो जोडले, आईचं वाक्य जसंच्या तसं घातलं आणि मशीनचा सिरियल नंबरही टाकला.

नव्या मशीनसाठी वेगळा मोठा पट्टा मागवलाय, २२ ते ४२ चा. आईने लगेच विचारलं, तो कुठे बनतो? मी म्हटलं, आला की तूच उपडा करून बघ. मापपट्टी तिने आत्ताच काढून मशीनशेजारी ठेवली आहे.